पवनविजेचा भाव कोणी आणि कसा ठरवावा?

नैर्ऋत्य मोसमी वारे जून महिन्यात सह्याद्रीला येऊन भिडले, की सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या रात्रंदिवस फिरू लागतात. भारतातील पवनविजेचा निम्म्याहून अधिक हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच तयार होतो. परंतु पाऊस समाधानकारक असेल, तर नेमक्या याच दिवसांत शेतीपंप थांबलेले असतात, हवा थंडावलेली असते आणि विजेची मागणी ओसरलेली असते. याउलट मार्च-एप्रिलमध्ये पिके पाण्यासाठी आसुसलेली असतात, घरोघरी पंखे फिरत असतात, पण पठारावरची पाती मात्र पुष्कळदा निश्चल असतात. निसर्गाचे देणे आणि समाजाची गरज यांची वेळ जुळत नाही. हा विसंवाद म्हणजे अभियंत्यांनी सोडवावयाचे तांत्रिक कोडे होय, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. वेळ चुकवून आलेल्या मालाला भाव काय द्यावा आणि ती वेळ चुकल्याचा खर्च कोणी सोसावा, हे ते दोन मूळ मुद्दे. त्यांची उत्तरे टाळून पवनऊर्जेचा कितीही उदोउदो केला, तरी तो पोकळच ठरणार.

आपल्याकडे पवनविजेची सुरुवात १९८६ च्या सुमारास रत्नागिरी, गुजरातेतील ओखा आणि तामिळनाडूचा दक्षिण किनारा येथे बसविलेल्या प्रत्येकी ५५ किलोवॉटच्या प्रात्यक्षिक यंत्रांनी झाली. मार्च २०२५ मध्ये देशाच्या पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली. त्यात गुजरात व तामिळनाडू अग्रभागी आहेत. महाराष्ट्राचा वाटा पाच हजार मेगावॉटहून अधिक आहे. एखादी गोष्ट मूठभर असते तोवर तिचे लाड करणे कोणाला जड जात नाही. ठरलेला भाव, खरेदीची हमी, चुकलेल्या अंदाजाला माफी या सवलती बाल्यावस्थेतील उद्योगाला योग्यच होत्या. परंतु खनिज इंधनाविना चालणाऱ्या प्रकल्पांची क्षमता २०३० पर्यंत पाच लाख मेगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर करणाऱ्या देशाला हा उद्योग पाळण्यातच ठेवून चालणार नाही. त्याला बाजारात उतरवावेच लागेल. मात्र त्याला कोणत्या बाजारात आणि कोणत्या अटींवर उतरवावयाचे, याविषयी मात्र पुरेशी चर्चा होताना दिसत नाही.

विजेच्या बाजाराचे वेगळेपण

वीज हा अन्य कोणत्याही मालासारखा माल नव्हे. ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. मागणी आणि पुरवठा यांत तफावत पडली, की ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झपासून ढळू लागते. आपल्या नियमांनुसार ती ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखावयाची असते. हे काम भारप्रेषण केंद्रे अहोरात्र करीत असतात. त्यात कसूर झाली म्हणजे काय होते, ते ३० व ३१ जुलै २०१२ या दोन दिवशी उत्तर व पूर्व भारताने अनुभवले. कोट्यवधी लोक एकाच वेळी अंधारात गेले. तो दोष पवनचक्क्यांचा नव्हता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. दुबळ्या पडलेल्या वाहिन्यांवरून काही राज्यांनी ठरल्याहून अधिक वीज ओढणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ग्रिडची शिस्त मोडण्यासाठी वाऱ्याच्या लहरीपणाची गरज नसते; माणसांचा लहरीपणा पुरतो, एवढाच त्याचा अर्थ.

२००३ च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मितीचे क्षेत्र खुले केले आणि विजेच्या बाजाराची वाढ करण्याची जबाबदारी नियामक आयोगांवर टाकली. जून २००८ मध्ये इंडियन एनर्जी एक्स्चेंज सुरू झाले. उद्याच्या विजेचा सौदा आज करावयाचा, ही त्यामागील कल्पना. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात. विकणारे आपापला किमान भाव सांगतात, घेणारे आपापला कमाल भाव सांगतात, आणि जेथे मागणी व पुरवठा यांच्या रेषा छेदतात तो त्या पंधरा मिनिटांचा भाव ठरतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील आकृती येथे खरोखरीच काढली जाते, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु देशातील एकूण विजेपैकी या मार्गाने खरेदी-विक्री होणारा हिस्सा एक-दशांशाहूनही कमी आहे. बहुतेक सर्व वीज वितरण कंपन्यांनी वीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी आधीच बांधून ठेवलेली असते. पवनविजेची गोष्टही याहून निराळी नाही. बाजार आहे, पण तो राजरस्त्यावर नसून आडवाटेवर आहे, ही भारतातील परिस्थितीची पहिली खूण.

बिनखर्चाच्या मालाची शोकांतिका

पवनविजेचे आर्थिक वैशिष्ट्य असे, की पवनचक्की उभारण्यास पैसा लागतो. ती फिरण्यास लागत नाही. वाऱ्याचे बिल कोणी पाठवीत नाही. त्यामुळे आणखी एक युनिट तयार करण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. याचा बाजारभावावर होणारा परिणाम एका साध्या उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, एखाद्या संध्याकाळी मागणी शंभर एककांची आहे. खाणीजवळच्या कोळशाची साठ एकके तीन रुपये दराने, दूरच्या कोळशाची तीस एकके पाच रुपये दराने आणि गॅसची तीस एकके नऊ रुपये दराने उपलब्ध आहेत. शंभरावे एकक गॅसचेच घ्यावे लागत असल्याने सर्वांनाच नऊ रुपये भाव मिळेल. आता त्यात वाऱ्याची वीस एकके आली, तर गॅसची गरज उरत नाही आणि भाव पाच रुपयांवर येतो. वाऱ्याची साठ एकके आली, तर भाव तीन रुपये होतो. शंभर आली, तर भाव शून्यावर जातो.

ग्राहकाच्या दृष्टीने ही आनंदवार्ता आहे. उत्पादकाच्या दृष्टीने मात्र ती धोक्याची घंटा आहे. कारण जेव्हा वारा वाहतो तेव्हा तो एकाच चक्कीवर वाहत नाही, सर्व चक्क्यांवर वाहतो. सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो आणि सर्वांचाच भाव पडतो. कांद्याची आवक एकदम वाढली, की लासलगावच्या बाजारात जे घडते तेच हे. फरक एवढाच, की शेतकरी काही काळ तरी कांदा चाळीत ठेवू शकतो. पवनचक्कीच्या मालकाला तीही सोय नाही. पवनचक्क्या जितक्या वाढतील तितकी त्यांची स्वतःची सरासरी प्राप्ती घटत जाते.

ही भीती पुस्तकी नाही. जर्मनीत २०२४ या वर्षी घाऊक बाजारात विजेचा भाव ४५७ तास शून्याखाली होता. म्हणजे त्या वेळी वीज घेणाऱ्याला वर पैसे मिळत होते. ऊन आणि वारा यांची वीज एकदम दाटून आली, बंद करून पुन्हा सुरू करण्यास महाग पडणारी औष्णिक केंद्रे चालूच राहिली, आणि युनिटमागे अनुदान मिळणाऱ्या उत्पादकांना तोट्यातही वीज विकणे परवडले, ही त्याची कारणे होत. अनुदानाची ही पद्धत चुकली, हे जर्मनीने ओळखले आणि टप्प्याटप्प्याने कायदा बदलला. भाव शून्याखाली असताना नव्या प्रकल्पांना अनुदान न देण्याचा नियम २०२५ मध्ये अधिक कडक करण्यात आला. युरोपच्या या अनुभवातून दोन धडे मिळतात. पवनविजेला नुसत्या दैनंदिन बाजारभावावर सोडले, तर तिचे स्वतःचे वैपुल्यच तिला मारून टाकील आणि कोणतीही बँक नव्या प्रकल्पाला कर्ज देणार नाही. उलट तिला बाजारभावाची झळच लागू दिली नाही, तर ती नको त्या वेळी वीज ओतत राहील आणि त्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडेल.

संरक्षणाची भारतीय रीत

भारताने आजवर दुसरा मार्ग चोखाळला. प्रारंभी राज्यांचे वीज आयोग पवनविजेचा दर ठरवून देत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय पातळीवर पहिला पवनऊर्जा लिलाव झाला आणि दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातमधील लिलावात तो २ रुपये ४३ पैशांपर्यंत घसरला. स्पर्धेचा हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु दर कमी झाला तरी त्याचे स्वरूप तेच राहिले. ऑगस्टमधील मध्यरात्रीचे युनिट आणि एप्रिलमधील सायंकाळचे युनिट यांना एकच भाव! साहजिकच प्रकल्प उभारणारा जेथे वर्षाकाठी सर्वाधिक वारा मिळेल तेच ठिकाण निवडतो. गरजेच्या वेळी वारा मिळेल असे ठिकाण निवडण्याचे त्याला प्रयोजनच नसते.

याच चुकीचे अधिक ठळक रूप म्हणजे विजेची 'बँक'. तामिळनाडूत कोइमतूर-तिरुप्पूर भागातील गिरण्यांनी स्वतःसाठी पवनचक्क्या उभारल्या. पावसाळी हंगामात तयार झालेली जादा वीज मंडळाकडे जमा करावयाची आणि वर्षभरात केव्हाही काढून घ्यावयाची, अशी सवलत त्यांना दीर्घकाळ मिळाली. वाचकांना बँकेतील बचत खाते परिचयाचे आहे. परंतु बँकेत ठेवलेला रुपया बँक दुसऱ्याला कर्जाऊ देते. मंडळात 'ठेवलेले' युनिट त्याच क्षणी खर्च झालेले असते. जुलैत नको असलेले युनिट घेऊन मार्चमध्ये टंचाईच्या वेळी महाग युनिट परत करावयाचे, हा व्यवहार मंडळाला तोट्याचाच होणार. हा तोटा त्या गिरण्यांनी नव्हे, तर अन्य ग्राहकांनी भरला. जून २०२२ च्या केंद्रीय नियमांनी अशा बँकेसाठी किमान मासिक हिशेबाचा मापदंड घातला, ही योग्य दिशा होय.

दुसरे संरक्षण म्हणजे पवनविजेला दिलेला अग्रक्रम. अन्य केंद्रे स्वस्त-महाग या क्रमाने चालवावयाची; पवन व सौर प्रकल्प मात्र उपलब्ध असतील तेव्हा चालवावयाचेच, असा ग्रिड संहितेचा दंडक आहे. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय नियमांनी तो अधिक स्पष्ट केला. ग्रिडची सुरक्षितता किंवा तांत्रिक अडचण याखेरीज अन्य कारणासाठी ही वीज थांबविता येणार नाही आणि थांबविल्यास भरपाई द्यावी लागेल, असे त्यांत म्हटले आहे. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात वितरण कंपनीची अवस्था निराळी असते. तिने औष्णिक केंद्रांशी केलेल्या करारांत वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. अशा वेळी पवनविजेचे प्रत्येक युनिट तिला जादा खर्चाचे वाटते. मग 'ग्रिडची सुरक्षितता' या शब्दांचा अर्थ सोयीनुसार ताणला जातो, अशी उत्पादकांची तक्रार तामिळनाडूसारख्या राज्यांत वर्षानुवर्षे ऐकू येत आहे.

आंध्र प्रदेशाने तर २०१९ मध्ये पवन व सौर विजेचे आधीचे करारच पुन्हा उघडण्याचा घाट घातला. तो वाद मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने उत्पादकांच्या बाजूने निकालात काढला. करार पाळले गेले पाहिजेत, यात संशय नाही. परंतु करार करतानाच शहाणपण वापरले नाही तर काय होते, हे महाराष्ट्राला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. १९९३ च्या दाभोळ कराराने वीज मंडळाच्या गळ्यात असा स्थिर आकार बांधला, की २००१ मध्ये प्रकल्पच बंद पडला. कालमूल्याचा विचार न करता दीर्घ मुदतीची खरेदी केली, तर स्वच्छ विजेचा करारही महाग पडू शकतो. दाभोळचा दोष नाफ्त्यात होता त्याहून अधिक करारात होता.

अंदाज चुकल्याचा दंड

वाऱ्याचा नेमका वेग आदल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून आजच्या बाजारात उद्याची वीज विकणारा पवन उत्पादक एका अर्थी सट्टाच खेळत असतो. त्याने सांगितलेली आणि त्याने दिलेली वीज यांतील फरक कोणीतरी ऐन वेळी भरून काढावा लागतो. त्याचे मोल उत्पादकाने द्यावे, हे तत्त्व रास्त आहे. २०१३ मध्ये या दिशेने झालेला पहिला प्रयत्न उत्पादकांच्या विरोधामुळे अल्पावधीत गुंडाळावा लागला. केंद्रीय आयोगाने २०१५ मध्ये नवी चौकट आणली. तीत पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक क्षम्य ठरली आणि त्यापुढे वाढत्या दराने आकार बसविला गेला. महाराष्ट्राच्या आयोगाने २०१८ मध्ये आपले नियम केले. तेव्हापासून कल या मोकळीकीला कात्री लावण्याकडे आहे.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. एकेका पवनप्रकल्पाची चूक स्वतंत्र मोजून दंड करणे आणि साऱ्या राज्याची चूक एकत्र मोजणे, यांत महदंतर आहे. साताऱ्यात वारा अंदाजाहून कमी वाहिला, तेव्हाच तो धुळ्यात किंवा सांगलीत अधिक वाहिला असण्याचा संभव असतो. संख्याशास्त्राचा प्राथमिक नियम असा, की परस्परांपासून काहीशा स्वतंत्र असलेल्या चुका एकत्र केल्या, की त्या एकमेकींना खोडतात. विमा कंपन्यांचा सारा व्यवसाय या नियमावर उभा आहे. ग्रिडला पोहोचणारी झळ एकत्रित चुकीची असते. मग दंडही तेवढाच असावा. प्रत्येकाकडून सुटा दंड वसूल केल्यास ग्रिडला न झालेल्या नुकसानीचीही वसुली होते.

चूक घटविण्याचा दुसरा उपाय म्हणजे सौद्याची वेळ प्रत्यक्ष पुरवठ्याच्या जवळ आणणे. चोवीस तासांपूर्वीच्या अंदाजापेक्षा तासाभरापूर्वीचा अंदाज कितीतरी अचूक असतो. १ जून २०२० पासून सुरू झालेला तात्कालिक बाजार हे त्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल होते. त्यात दर अर्ध्या तासाला सौदा होतो आणि सुमारे तासाभरात वीज दिली जाते. ज्याचा वारा पडला त्याला तेथे वीज विकत घेऊन आपले वचन पाळता येते. ज्याचा वारा वाढला त्याला जादा माल विकता येतो. परंतु दीर्घ मुदतीच्या करारात अडकलेल्या पवनविजेला या सोयीचा पुरता लाभ मिळत नाही. एका हाताने दंड वाढवावयाचा आणि दुसऱ्या हाताने चूक सुधारण्याची वाट अरुंद ठेवावयाची, हे धोरण सुसंगत नव्हे.

लवचिकतेचे मोल

वारा पडतो तेव्हा त्याची जागा कोण घेतो? आज मुख्यतः कोळसा घेतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार कोळशावरील संचांनी आपली निर्मिती गरजेनुसार ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची क्षमता मिळवावयाची आहे. परंतु कमी भारावर संच चालविल्यास कोळसा अधिक जळतो आणि यंत्रांची झीज वाढते. हा खर्च भरून मिळाला नाही, तर कोणतेही केंद्र मनापासून सहकार्य करणार नाही.

महाराष्ट्राजवळ याहून चांगले साधन आहे. कोयनेच्या विविध टप्प्यांची एकत्रित क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि तेथील जनित्रे काही मिनिटांत सुरू किंवा बंद करता येतात. योगायोग असा, की वनकुसवड्याच्या पवनचक्क्या या जलाशयापासून दूर नाहीत. वारा वाहत असताना पाणी धरून ठेवावयाचे आणि वारा पडल्यावर ते सोडावयाचे, हा सहजसुचणारा संसार आहे. डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी तो गेली कित्येक दशके केला आहे. डेन्मार्कच्या एकूण वीजवापरात वाऱ्याचा वाटा अलीकडे निम्म्याहून अधिक झाला, त्यामागे स्कॅगेराक समुद्रातील तारा आणि नॉर्वेचे जलाशय यांचा आधार आहे. अर्थात कोयनेलाही मर्यादा आहेत. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळविण्याचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी एवढे बांधून दिले आहे. पण म्हणूनच त्या पाण्याचा प्रत्येक थेंब सर्वांत महागड्या घटकेला वापरला गेला पाहिजे. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. स्वस्त विजेने पाणी वर चढवावयाचे आणि महाग वेळी खाली सोडावयाचे, हे त्याचे तंत्र. मोठ्या बॅटऱ्याही हेच काम करू लागल्या आहेत. सौरवीज वाढल्यापासून दुपारचा भाव कोसळतो आणि सूर्यास्तानंतर तो एकदम चढतो. या चढ-उतारातच साठवणुकीची कमाई आहे.

मात्र त्या कमाईवर मर्यादा आहे. एप्रिल २०२२ मध्ये बाजारभाव भडकले तेव्हा केंद्रीय आयोगाने कमाल भाव युनिटला बारा रुपयांवर बांधला आणि २०२३ मध्ये मुख्य बाजारांत तो दहा रुपयांवर आणला. गरीब देशाने टंचाईत ग्राहकाचे संरक्षण करू नये, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु भावाला छप्पर घातले, की ऐन वेळी धावून येणाऱ्या केंद्राला मिळणारे बक्षीसही कापले जाते. तेव्हा छप्पर ठेवावयाचे असेल, तर तत्परतेचे मोल वेगळे दिले पाहिजे. अग्निशामक दलाला आपण आगींच्या संख्येवर पगार देत नाही. सज्ज राहण्याबद्दल देतो. विजेच्या बाजारातही सज्जता हा स्वतंत्र माल मानून त्याचा स्वतंत्र भाव ठरविला पाहिजे.

बाजार जितका विस्तृत, तितका वाऱ्याचा लहरीपणा सौम्य. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी एकरूप झाले, ही घटना या दृष्टीने ऐतिहासिक होती. तामिळनाडूचा पावसाळी वारा दिल्लीच्या उकाड्याला पुरविता येणे तेव्हा तत्त्वतः शक्य झाले. टेक्सासने यातील धडा पैसे मोजून घेतला. तेथे २००९ मध्ये वाहिन्यांअभावी संभाव्य पवनविजेपैकी सुमारे सतरा टक्के वाया गेली. त्यानंतर सुमारे सात अब्ज डॉलर खर्चून नव्या वाहिन्या टाकण्यात आल्या, त्यांचा खर्च राज्यातील सर्व ग्राहकांवर वाटला गेला आणि वाया जाणारी वीज झपाट्याने घटली. पुढे चक्क्या वाढल्या तशी अडचण पुन्हा डोके वर काढू लागली. पण आधी वाहिनी, मग चक्की, हा क्रम तेथे प्रस्थापित झाला. आपल्याकडे जून २०२५ अखेरपर्यंत कार्यान्वित होणाऱ्या प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण आकार माफ होता. ही माफी आता टप्प्याटप्प्याने संपत आहे, हे इष्टच आहे. वाहिनी फुकट मिळाली, की प्रकल्प कोठे उभारावा याचा हिशेबच चुकतो.

सामान्य ग्राहकाचा आक्षेप

या सर्व योजनांवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो क्षुल्लक नाही. बाजार खुला झाला, की बडे उद्योग स्वस्त पवनवीज थेट विकत घेऊन वितरण कंपनीला रामराम ठोकतात. मागे उरतात घरगुती ग्राहक, छोटे दुकानदार आणि शेतकरी. औष्णिक करारांचा स्थिर आकार मात्र घटत नाही. तो उरलेल्यांमध्ये वाटला जातो. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरचे बिल वाढते, ते पवनचक्कीमुळे नव्हे, तर पवनचक्कीचा लाभ एकाला आणि जुन्या करारांचा भार दुसऱ्याला अशा वाटणीमुळे. ही वाटणी न सुधारता बाजाराचे गोडवे गाणे हा अन्याय होईल. बाहेर पडणाऱ्या बड्या ग्राहकाने आपल्यासाठी आधी केलेल्या खरेदीचा रास्त हिस्सा देऊनच बाहेर पडावे, आणि शेतीला द्यावयाचे साहाय्य उद्योगांच्या दरात लपविण्याऐवजी सरकारने ते उघडपणे अर्थसंकल्पातून द्यावे, हाच यावरचा प्रामाणिक उपाय आहे. राजकीय पक्षांना तो अवघड वाटतो, कारण त्यात आकडे लपत नाहीत.

दुसरा आक्षेप उत्पादकांचा असेल. बाजारात उतरल्यास प्राप्तीची शाश्वती राहणार नाही आणि कर्जाचे व्याज वाढेल, असे ते म्हणतील. त्याला ब्रिटनने गेल्या दशकात रूढ केलेला 'फरकाचा करार' हे बऱ्याच अंशी उत्तर आहे. उत्पादकाने आपली वीज बाजारातच विकावयाची. लिलावात ठरलेल्या भावाहून बाजारभाव कमी पडला, तर फरक त्याला मिळतो. बाजारभाव जास्त झाला, तर फरक त्याने परत करावयाचा. २०२२ मध्ये युरोपात भाव गगनाला भिडले, तेव्हा ब्रिटनमधील अशा उत्पादकांनी ग्राहकांच्या खात्यात पैसे परत केले. ही दुहेरी हमी आहे. तीत उत्पादक बुडत नाही आणि ग्राहक लुटला जात नाही. भाव शून्याखाली असताना फरक द्यावयाचा नाही, एवढी अट घातली, की नको त्या वेळी वीज ओतण्याचा मोहही उरत नाही.

तेव्हा करावयाच्या गोष्टी संख्येने फार नाहीत. नव्या पवनप्रकल्पांसाठी युनिटमागे सपाट दराच्या करारांऐवजी फरकाचे करार करावेत. विचलनाचा हिशेब राज्याच्या किंवा प्रदेशाच्या पातळीवर एकत्रित करावा आणि तात्कालिक बाजाराचे दार पवन उत्पादकांना पूर्णतः उघडावे. कोयना-घाटघरसारख्या प्रकल्पांच्या, बॅटऱ्यांच्या आणि कमी भारावर चालण्यास सज्ज झालेल्या औष्णिक संचांच्या तत्परतेला स्वतंत्र भाव द्यावा. पवनवीज थांबविली गेल्यास ती केव्हा, किती आणि कोणत्या कारणासाठी थांबविली, हे भारप्रेषण केंद्रांनी दररोज जाहीर करावे, म्हणजे ग्रिडच्या सुरक्षिततेच्या नावाखाली तोटा टाळण्याची सोय राहणार नाही. यांपैकी एकाही गोष्टीला नवे विज्ञान लागत नाही. नियामक आयोगांचा निर्धार आणि राज्य सरकारांचा संयम लागतो.

३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत पोहोचली. ती वाढतच जाणार आहे. त्या मागणीचा मोठा हिस्सा धुराविना भागवावयाचा, तर वारा हा सूर्याचा आवश्यक जोडीदार आहे. कारण सूर्य मावळल्यावरही तो वाहू शकतो आणि आभाळ झाकोळलेल्या आषाढात तर तोच जोमात असतो. बाजार हा या कामी मालक नव्हे, साधन आहे. कोणत्या वेळेच्या युनिटची समाजाला किती गरज आहे, एवढे त्याने खरेपणाने सांगावे, आणि त्या सांगण्याचा अर्थ लावून भार न्यायाने वाटण्याचे काम लोकांनी निवडलेल्या सरकारांनी करावे. ही दोन कामे एकमेकांत मिसळली, म्हणूनच वीज मंडळे कर्जबाजारी झाली. पवनविजेच्या निमित्ताने ती वेगळी करण्याची संधी आली आहे. ती दवडल्यास पुढच्या पावसाळ्यातही पठारावर वारा वाहतच राहील. फक्त पाती थांबवून ठेवण्याचा हुकूम सुटलेला असेल, आणि त्याचे बिल मात्र ग्राहकाच्या दारी येईल.